बाळ्याजवळच्या ५ एकर माळावर लेआउट: ‘नेट गेन’ दाखवायचा तर हिशोब कसा मांडायचा?

रेखांकन_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या बाळे भागाच्या पुढे, पण महापालिका हद्दीतच, २ हेक्टरचा (५ एकर) निवासी प्लॉटिंगचा लेआउट आहे. मालकांचे एक भागीदार इंग्लंडमध्ये असतात. तिकडच्या ‘बायोडायव्हर्सिटी नेट गेन’ (बीएनजी) सारखं, म्हणजे आधी जितका निसर्ग होता त्याहून १० टक्के जास्त, असं कागदावर आणि जागेवर दोन्हीकडे दाखवा अशी त्यांची अट आहे. पैसे द्यायची तयारी आहे, नुसता देखावा नको म्हणतात.

जागेची मोजणी अशी आहे. १.४ हेक्टर मुरमाड माळ, त्यात कुसळी, मारवेल आणि थोडं पवना गवत. ०.५ हेक्टरवर वेडी बाभूळ दाट माजलेली. दक्षिणेला ओढा, त्याच्या काठाचा ०.१ हेक्टरचा पट्टा. एकूण १४ मोठी झाडं, त्यातली ९ ओढ्याकाठी आणि ५ माळावर सुटी. आत ९ मीटरचा रस्ता २६० मीटर लांबीचा येतो आणि सध्याच्या आखणीत ती सुटी पाचही झाडं जातात. त्यांची अंदाजे वयं १२, १५, २०, २५ आणि ४० वर्षं. चाळीस वर्षांचा हिवर आहे.

लँडस्केपवाल्यांनी ०.२ हेक्टरच्या ओपन स्पेसमध्ये मियावाकी (रोपं अगदी दाट लावून छोटं जंगल करायची जपानी पद्धत) घालायचं सुचवलं आहे, चौरस मीटरला ३ रोपं म्हणजे ६,००० झाडं. मालक खूश आहेत. मला तीन गोष्टी हव्यात: आपल्याकडे कायद्याने नेमकं काय बंधनकारक आहे, नेट गेनमध्ये निसर्ग ज्या ‘युनिट’मध्ये मोजतात त्याचा हिशोब इथे कसा बसवायचा, आणि ६,००० झाडं लावली की नेट गेन झाला असं म्हणता येईल का?

वृक्षगणना

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. ‘नेट गेन’ नावाची अट महाराष्ट्रात कुठल्याच बांधकाम परवानगीत नाही. तुम्हाला जे पाळावं लागेल ते तीन ठिकाणी विखुरलेलं आहे.

यूडीसीपीआर २०२० (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) प्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला डीपी रोड (विकास आराखड्यातले रस्ते) आणि आरक्षणं वजा करून उरलेल्या क्षेत्राच्या १० टक्के रिक्रिएशनल ओपन स्पेस सोडावी लागते. तुमचे ०.२ हेक्टर तिथूनच आले. या १० टक्क्यांचा आणि इंग्लंडच्या १० टक्क्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे त्या भागीदारांना पहिल्याच बैठकीत सांगा. आकडा सारखा असल्याने ‘झालं की आपलं’ असा समज होतो.

दुसरं, झाडं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५. यात झाड कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे: जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर खोडाचा व्यास किमान ५ सेंटीमीटर आणि उंची किमान १ मीटर. म्हणजे तुमच्या ०.५ हेक्टरवरची बरीच वेडी बाभूळसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ‘झाड’ आहे. परवानगीविना जेसीबी फिरवू नका. उलट १.४ हेक्टर गवत कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही. ते एका सकाळीत खरवडलं तरी हा कायदा विचारायला येत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं आणि त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात. तोडलेल्या प्रत्येक झाडाच्या वयाइतकी नवी रोपं लावायची, रोप किमान ६ फुटी, जिओ-टॅगिंग करायचं आणि ७ वर्षं जगवायचं. ५ वर्षांवरची २०० किंवा अधिक झाडं एका प्रस्तावात तोडायची असतील तर तो प्रस्ताव त्या दुरुस्तीप्रमाणे राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जायचा; आता निर्णय कोणाकडे आहे ते पालिकेत विचारून घ्या. वेडी बाभूळ मोजताना हा आकडा डोक्यात ठेवा, कारण दाट जाळीत ५ वर्षांवरची खोडं भराभर २०० च्या पुढे जातात. खोड न खोड मोजून यादी करा: स्थानिक नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, उंची, अंदाजे वय, फोटो, जीपीएस, आणि नकाशावर तोच क्रमांक. यादीतला क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक जुळत नाही या एका कारणाने फायली महिना महिना परत फिरतात.

आता तुमच्या सुट्या पाच झाडांचा हिशोब (वेडी बाभूळ यादी झाल्यावर वेगळी मोजा). १२ + १५ + २० + २५ + ४० = ११२ रोपं. ३ मीटर बाय ३ मीटरने लावली तर १,००८ चौरस मीटर लागतात, म्हणजे ओपन स्पेसचा निम्मा भाग. पण रस्त्याची मध्यरेषा ४० वर्षांच्या हिवरापासून वळवलीत तर ७२ च उरतात. २६० मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ६ मीटरवर झाड धरलं तर दर बाजूला ४३, म्हणजे ८६ जागा. कोपऱ्यांवरची नजर, फाटकं आणि विजेचे खांब यांसाठी १४ सोडा. राहिली बरोबर ७२. ओपन स्पेसला हातही लावावा लागत नाही.

हिवर वाचवायचा म्हणजे नुसतं खोड वाचवून भागत नाही. खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत खोदकाम, भराव आणि वाळूचे ढीग नकोत. घेर १२५ सेंटीमीटर असेल तर व्यास साधारण ४०, म्हणजे त्रिज्या ४.८ मीटर. काम सुरू व्हायच्या आधी तेवढ्यावर पत्र्याचं कुंपण घाला. नंतर घातलेल्या कुंपणाचा उपयोग नसतो, तोवर रोलर फिरून मुळांवरची माती दबलेली असते आणि झाड दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं.

तिसरं, मालक स्वतः रो-हाउसेस बांधून विकणार असतील आणि एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्यावर गेलं, तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागेल. तिथे दर ८० चौरस मीटर जमिनीला एक झाड अशी अट येते. नुसते प्लॉट विकणार असाल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आकडेमोड

इंग्लंडचे नियम आधी तिकडच्या जागी ठेवून सांगते. एन्व्हायर्न्मेंट ॲक्ट २०२१ खाली मोठ्या प्रकल्पांना १२ फेब्रुवारी २०२४ पासून आणि छोट्यांना २ एप्रिल २०२४ पासून किमान १० टक्के वाढ सक्तीची झाली. परवानगी मिळाल्यावर, पण काम सुरू करण्याआधी, ‘गेन प्लॅन’ मंजूर करून घ्यावा लागतो. मोठी ऑन-साइट (जागेवरची) वाढ आणि सगळी ऑफ-साइट (बाहेरची) वाढ ३० वर्षं टिकवायची असते. हे सगळं तिथल्या कायद्यापुरतं. सोलापुरात तुम्ही ते स्वखुशीने करताय, म्हणून अहवालावर ‘इंग्लंडच्या पद्धतीवर आधारित स्वेच्छा हिशोब’ असंच लिहा. ‘बीएनजी प्रमाणित’ असं लिहू नका.

सूत्र सोपं आहे. क्षेत्रफळ (हेक्टर) × वेगळेपणाचा गुण × स्थिती × जागेचं महत्त्व. वेगळेपणा, म्हणजे तो अधिवास किती खास आहे, ०, २, ४, ६, ८. स्थिती वाईट १, मध्यम २, चांगली ३. जागेचं महत्त्व १, १.१ किंवा १.१५. तिकडच्या तक्त्यात आपलं कुसळीचं माळ नाही, त्यामुळे गुण आपल्यालाच ठरवावे लागतात आणि का ठरवले ते लिहावं लागतं.

माळ: १.४ × ४ × २ = ११.२
वेडी बाभूळ: ०.५ × २ × १ = १.०
ओढ्याकाठ: ०.१ × ६ × २ × १.१५ = १.३८

एकूण १३.५८ युनिट. १० टक्के वाढवून १४.९४ गाठायचे. माळावरची सुटी झाडं तिकडे वेगळ्या ओळीत मोजतात, ती इथे सोडली आहेत.

आता नंतरचं चित्र. नव्याने केलेल्या किंवा सुधारलेल्या अधिवासाला दोन कात्र्या लागतात. एक अवघडपणाची: सोपं १, मध्यम ०.६७, अवघड ०.३३. दुसरी वेळेची: चांगली स्थिती यायला जितकी वर्षं, तितके दरसाल ३.५ टक्के कमी. १० वर्षांना ०.७० येतं. दोन्ही मिळून ०.६७ × ०.७० = ०.४६९.

ओपन स्पेसचे ०.२ हेक्टर आहे त्या गवतासकट राखून ‘मध्यम’वरून ‘चांगलं’ केलं तर: आधीचे १.६, नंतरचे २.४, फरक ०.८ × ०.४६९ = ०.३८. म्हणजे १.९८. ओढ्याकाठ जसाच्या तसा ठेवला, १.३८. प्लॉटमधल्या खाजगी बागांना मी शून्य धरते, कारण उद्या मालक तिथे फरशी घालणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. एकूण ३.३६. तूट ११.५८ युनिटची.

ही तूट बाहेर भरायची तर खराब झालेला माळ (हेक्टरी ४ युनिट) चांगला (हेक्टरी १२) करायचा. हेक्टरी मिळकत ८ × ०.४६९ = ३.७५. म्हणजे ३.०९ हेक्टर, साधारण पावणेआठ एकर. तेही त्याच परिसरात. लांब गेलात तर आणखी ०.७५ किंवा ०.५ ने गुणावं लागतं.

रेखांकनात प्लॉट थोडे लहान करून ०.२ ऐवजी ०.६ हेक्टर सलग माळ राखलात तर: आधीचे ४.८, नंतरचे ७.२, मिळून ५.९३. ओढा धरून ७.३१. तूट ७.६३, बाहेर लागतात २.०३ हेक्टर. आत ०.४ हेक्टर राखलं की बाहेरचं १ हेक्टरहून जास्त ओझं कमी होतं. मालकांना हा एकच आकडा दाखवा. ठरवायचं ते इथेच ठरतं.

आणि ६,००० झाडं? इंग्लंडच्या नियमातसुद्धा मध्यम वेगळेपणाचं गवताळ रान गेलं तर भरपाई त्याच प्रकारच्या किंवा त्याहून वरच्या अधिवासाने करावी लागते. गवताच्या खात्यातली तूट रोपं मोजून भरून निघत नाही.

कुसळी

ताईंचा हिशोब बरोबर आहे, पण त्यातला ‘स्थिती २’ हा आकडा कोणत्या महिन्यात काढला यावर सगळं उभं आहे. एप्रिल-मेमध्ये आपला माळ पाहिला तर पिवळं खुरटं दिसतं आणि अहवालात ‘पडीक जमीन’ असं पडतं. सोलापूरला सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त पाऊस होतो. पाहणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत करा. १ मीटर बाय १ मीटरच्या किमान १० चौकटी टाका, एका ओळीत नको, माळभर. प्रत्येकीत किती टक्के बारमाही गवत, किती उघडा मुरूम, किती गाजर गवत, आणि वेगवेगळ्या जातींची संख्या. चौकटीच्या कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोकून ठेवा म्हणजे १० वर्षांनीही तीच चौकट सापडते. मार्च ते ऑगस्ट पहाटे एकेक फेरी मारून जमिनीवर घरटी करणारे पक्षी नोंदवा: टिटवी, चंडोल, धाविक, तितर. घरटी असतील तर त्या काळात साफसफाई नको. जमीन मोकळी करायचं काम शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत बसवा.

कोणी पाहणीच्या आधीच जेसीबी फिरवून ‘इथे काही नव्हतंच’ म्हणत असेल तर सेंटिनेल-२ ची जुनी उपग्रहचित्रं काढा. २०१५ पासूनची फुकट मिळतात, एक ठिपका १० मीटरचा. लागोपाठ तीन-चार वर्षांचं ऑक्टोबरचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं की गवत होतं की नव्हतं ते कळतं. इंग्लंडमध्ये ३० जानेवारी २०२० नंतर मुद्दाम बिघडवलेली जागा बिघडण्याआधीच्या स्थितीने मोजतात. ही तारीख आपल्याला लागू नाही, पण तत्त्व घ्या.

मियावाकीबद्दल स्पष्टच सांगतो, इथे ती करू नका. आपल्याकडे जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, खाली हातभर मुरूम आणि मग काळा पाषाण. चौरस मीटरला ३ रोपं म्हणजे दोन-तीन वर्षं टँकर. त्यासाठी मुरूम खोदून बाहेरची माती, शेणखत आणि भुसा भरतात. मग ज्या उघड्या, कमी कसाच्या जमिनीवर मारवेल आणि पवना टिकतात ती जमीनच राहत नाही. माळढोक, तणमोर, धाविक, खोकड, लांडगा हे सगळे उघड्या माळाचे जीव. नान्नज इथून जवळ आहे, माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते या गवतासाठी. दाट झाडीत यातला एकही राहत नाही. झाडं ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, हद्दीवर. मधला माळ मोकळा.

माळ राखायचा म्हणजे काय करायचं ते सांगतो.

राखीव ०.६ हेक्टरला पहिल्या दिवशी कुंपण. तिथे सिमेंटचं मिक्सर, डंपर, मजुरांच्या झोपड्या काही नको. हा भाग काम चालू असताना ‘तात्पुरता’ म्हणून वापरला जातो आणि तिथेच योजना संपते. दबलेल्या मुरमावर गवत परत यायला खूप वर्षं जातात.

ज्या प्लॉटांवर बांधकाम होणार तिथली वरची १० ते १५ सेंटीमीटर माती गवताच्या ठोंबांसकट काढा. ढीग दीड मीटरपेक्षा उंच नको, आतलं बी आणि मुळं कुजतात. शक्यतो साठवूच नका. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर, तिथे घरटी नाहीत हे पाहून, काढायची आणि त्याच आठवड्यात वेडी बाभूळ काढलेल्या जागेवर पसरायची. बाहेरची काळी माती, लाल माती, शेणखत, युरिया यातलं काहीही माळावर टाकू नका. कस वाढला की हरळी आणि गाजर गवत वाढतं, पवना दबतो.

वेडी बाभूळ वरून छाटून उपयोग नाही, दुप्पट फुटते. बुंध्याचा गड्डा जमिनीखाली २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत खणून काढावा लागतो. शेंगा पिकायच्या आधी काढा. जमिनीत पडलेलं बी पुढची बरीच वर्षं उगवत राहतं, म्हणून दर पावसाळ्यात हाताने रोपं उपटणारा माणूस ठेवा. ही जागा एक पावसाळा जरी उघडी राहिली तरी गाजर गवत भरतं. ते फुलायच्या आधी, पावसाळ्यात दोन-तीन फेऱ्यांत, हातमोजे घालून मुळासकट.

बी बाजारातून आणण्यापेक्षा शेजारच्या चांगल्या माळावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पक्व गवत कापून पेंढ्यांसकट सावलीत, कोरडं ठेवा. या गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, सहा महिने ते वर्षभर झोपलेलं असतं, त्यामुळे पुढच्या जूनची वाट पाहावीच लागते. पेरणी मृगाच्या सुमारास: जमीन वरवर खरडायची, पेंढ्या पातळ पसरायच्या, वरून हलका मुरूम. खोल नांगरू नका, बी एक सेंटीमीटरपेक्षा खाली गेलं की गेलं. रोपवाटिकेकडून काही मागवणार असाल तर ‘अंजन’ एवढंच सांगू नका. अंजन गवत वेगळं आणि अंजन वृक्ष वेगळा.

पहिली दोन पावसाळी वर्षं चराई बंद. तिसऱ्या वर्षापासून मात्र गवत वापरलंच पाहिजे, नाहीतर वाळलेले ठोंब साचून मधून नवं फुटत नाही आणि वणव्याची भीती वाढते. बी झडल्यावर, नोव्हेंबरअखेर, अर्धा माळ कापायचा आणि अर्धा पुढच्या वर्षी. १० ते १५ सेंटीमीटर ठोंब ठेवायचे. जानेवारीनंतर धनगरांच्या मेंढ्या मोजून, ठराविक दिवस बसवल्या तर उत्तम. कडेने ३ ते ५ मीटरची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा.

रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, आपटा, अंजन वृक्ष. ओढ्याकाठी हिवर, बाभूळ, करंज. हद्दीवर भिंतीऐवजी जाळीचं कुंपण आणि आतून बोर, करवंद, तरवड, हेकळ यांची रांग. मुरमात झाडाचा खड्डा १ × १ × १ मीटर, उन्हाळ्याआधी खणून तापू द्यायचा. ६ फुटी रोपाला पहिले दोन उन्हाळे आठवड्याला २० लिटर, एकदाच पण खोल. रोज तांब्याभर घातलं की मुळं वरच राहतात. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प नको.

सातबारा

बाहेरच्या २ हेक्टरचं सांगतो, कारण बहुतेकांची गाडी तिथे अडते.

मालकांची कंपनी शेतकरी नसेल तर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय ३० वर्षांचा भाडेपट्टा केला तर मुद्रांक शुल्क जवळपास खरेदीइतकं बसतं. २९ वर्षांपुढच्या मुदतीला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर आकारणी होते, १० ते २९ वर्षांना ५० टक्क्यांवर. म्हणून जमीन शेतकऱ्याच्याच नावावर आणि ताब्यात राहू द्या आणि त्याच्याशी देखभालीचा करार करा. न नांगरणं, न उकरणं, ठरलेल्या काळात चराई बंद, दरवर्षी पाहणीला येऊ देणं, आणि त्याबदल्यात दरसाल एकरी रक्कम. गवत त्याचंच. वारस आणि पुढचा खरेदीदार यांना बांधील राहील असं कलम वकिलाकडून घालून घ्या आणि करार नोंदणीकृत करा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लागते का ते तलाठ्यांकडे आधीच विचारून घ्या.

पैसे दरवर्षी मालकांच्या मर्जीवर ठेवू नका. प्लॉट विकून झाले की मालक पुढच्या कामाला लागतात. प्लॉटधारकांच्या संस्थेच्या नावाने मुदत ठेव करून तिच्या व्याजातून शेतकऱ्याची रक्कम आणि गाजर गवत काढणारी मजुरी निघेल एवढी ठेव सुरुवातीलाच बाजूला काढायला लावा.

गायरानाचा मोह होईल, कारण ते सलग मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गायरान दुसऱ्या कामाला देणं फार कठीण आहे. माळ माळच ठेवून सुधारायचा असेल तरी ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी यांच्याशिवाय पाऊल टाकू नका. गावच्या जनावरांची चराई खाजगी लेआउटच्या हिशोबासाठी बंद केली तर गाव उठेल, आणि बरोबरच आहे. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असतेच, २००२ च्या कायद्याप्रमाणे. निदान लोकजैवविविधता नोंदवहीत त्या माळाची काय नोंद आहे ते पाहून घ्या.

आणि गट नंबर माळढोक अभयारण्यात किंवा त्याच्या लगतच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयाकडून लेखी घ्या. उत्तर सोलापूर तालुक्यात हा प्रश्न गावागणिक बदलतो. मूळ अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, ते कमी होऊन १,२२२ झालं, त्यामुळे जुन्या कागदावरचं उत्तर आणि आजचं उत्तर वेगळं असू शकतं.

रेखांकन_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. रस्ता वळवून बसवला, हिवर वाचतो, एक प्लॉट कमी होतो. मालकांना ०.६ हेक्टरचा आकडा पटला. आता दोन अडचणी. मंजुरीच्या वेळी ओपन स्पेसमध्ये झाडं का नाहीत असं विचारलं जाईल. आणि प्लॉट घेणारे म्हणतील, हे वाळकं गवत काय ठेवलंय, लॉन करा.

वृक्षगणना

पहिल्याला उत्तर नकाशातच द्या. लँडस्केप प्लॅनवर माळाला वेगळी रेघांची छटा, त्यावर ‘स्थानिक गवताळ क्षेत्र, राखीव’ असं लिहा आणि बाजूला ७२ रोपांचा तक्ता रस्त्याकडेच्या जागांसकट. भरपाईची रोपं पूर्ण दिसली की ती ओपन स्पेसमध्येच हवीत असा आग्रह सहसा राहत नाही. ०.६ हेक्टरमधले ०.२ ओपन स्पेस म्हणून दाखवायचे आणि उरलेले ०.४ वेगळ्या क्रमांकाने, ‘बांधकामास बंदी’ अशा शेऱ्यासह. सगळं एकाच ओपन स्पेसमध्ये घातलंत तर पुढे कोणीतरी ‘जादा सोडलं आहे’ म्हणून सुधारित आराखड्यात प्लॉट पाडून घेईल.

कुसळी

दुसऱ्याला: ०.२ मधला रस्त्यालगतचा ३००-४०० चौरस मीटरचा तुकडा मुलांना खेळायला मोकळा द्या, हरळी चालेल. हा तुकडा हिशोबात शून्य धरा आणि तेवढे युनिट बाहेर वाढवा, ०.०४ हेक्टरला साधारण ०.४ युनिट. उरलेल्या माळातून दीड मीटरची मुरमाची पायवाट वळणावळणाने काढा आणि वाटेच्या दोन्ही कडांना अर्धा मीटर गवत कायम कापून ठेवा. कापलेली कड दिसली की मागचं उंच गवत मुद्दाम राखलेलं आहे हे लोकांना कळतं, आणि कुसळं कपड्यांना चिकटत नाहीत, जी खरी तक्रार असते. दिवे पायवाटेवर नको, रस्त्यावरचे खाली तोंड केलेले.

प्लॉटच्या विक्रीकरारातच माळाचा नकाशा, कापणीचा महिना आणि लॉन न करण्याचं कलम घाला. ताबा दिल्यावर समजावत बसलात तर उशीर होतो.

आकडेमोड

एक दुरुस्ती माझ्याकडून. ०.०४ वजा केलं तर आतल्या माळाची मिळकत ५.५३ होते, ओढा धरून ६.९१, तूट ८.०३, आणि बाहेर २.१४ हेक्टर. करार सव्वादोन हेक्टरचा करा. मधे एखादा कोपरा वणव्यात किंवा रस्तारुंदीत गेला तरी हिशोब तुटत नाही. पाहणीची वर्षं करारातच लिहा: १, २, ३, ५, १०, १५, २०, २५, ३०, प्रत्येक वेळी सप्टेंबरअखेर, त्याच खुंट्यांवर, त्याच ठिकाणाहून फोटो. पाचव्या वर्षी बारमाही गवत ठरलेल्या टक्क्यांवर नसेल तर काय करायचं, कोण करणार आणि पैसे कुठून, हे तीन रकाने आत्ताच भरून ठेवा.

रेखांकन_सोलापूर

ठीक. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चौकटी टाकायला घेतो. खुंट्या १२ मिलिमीटरच्या सळीच्या चालतील का?

कुसळी

चालतील, ४५ सेंटीमीटर लांब घ्या आणि डोकं जमिनीच्या पातळीत ठोका, नाहीतर भंगारवाले उपटून नेतात. प्रत्येकीचा जीपीएस लिहा आणि शोधायला साधं मेटल डिटेक्टर.